भूगोलाच्या पदवीचा हिशेब: फी किती, वर्षं किती आणि पुढं हाती काय

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात ताई भाचीला घेऊन घरी आली. सोबत तीन महाविद्यालयांची माहितीपत्रकं. "मामा, मला भूगोल घ्यायचाय," भाची म्हणाली. ताई लगेच म्हणाली, "घेऊ दे की, पण भूगोल घेऊन पुढं करणार काय, ते तेवढं तू सांग हिला."

मी स्वतः भूगोलाचा. बी.ए., एम.ए., सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा), मग चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणं आणि आता पाणलोटाच्या कामांसाठी नकाशे करणं. म्हणून ताईचा प्रश्न मला आवडला. विषय आवडतो एवढ्यावर प्रवेश घेऊ नये आणि "स्कोप नाही" एवढ्या ऐकीव वाक्यावर सोडूही नये. आम्ही एक फुलस्केप घेतला, त्यावर चार रकाने पाडले: पैसा, वर्षं, पात्रता आणि हातातलं काम. त्या दुपारी जे लिहिलं ते इथं जरा सविस्तर मांडतो. तुमच्या घरी हाच प्रश्न असेल तर कागद-पेन घेऊनच वाचा.

पहिली पायरी: पदवीचा खरा खर्च काढा

महाविद्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न फीचा विचारू नका. आधी विचारा, ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच विषयाच्या दोन तुकड्यांच्या फीमध्ये कित्येक पटींचा फरक असू शकतो. अनुदानित बी.ए.ची वर्षाची फी बहुतेक ठिकाणी काही हजारांत असते. बी.एस्सी.ला प्रयोगशाळेचं शुल्क धरून ती वाढते. विनाअनुदानित तुकडी, स्वायत्त महाविद्यालय किंवा खासगी विद्यापीठ असेल तर आकडा थेट लाखाकडे जाऊ शकतो. माहितीपत्रकात 'शिक्षण शुल्क' वेगळं आणि 'इतर शुल्क' वेगळं छापलेलं असतं. दोन्हींची बेरीज करा. भूगोलाला अभ्यास सहलीचा खर्च दरवर्षी वेगळा येतो. तो कुणी आधी सांगत नाही, म्हणून आपण विचारायचा.

मग शिष्यवृत्त्या. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. मागास प्रवर्गांसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. गाव सोडून राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं ही तयारी प्रवेशाआधीच करून ठेवा. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेली मुलं दुसऱ्या वर्षी तारीख विसरतात आणि हक्काचे पैसे जातात, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

घरून ये-जा करणार असाल तर एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय आणि घरचा डबा असेल, तर तीन वर्षांची भूगोलाची पदवी ही महाराष्ट्रात मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त पदव्यांपैकी एक आहे. भाचीच्या कागदावर आम्ही फी, पास, पुस्तकं, जर्नल आणि सहल मिळून वर्षाला १५ हजार रुपये धरले. तीन वर्षांचे ४५ हजार.

ताईचा जीव तिथंच भांड्यात पडला. मी म्हटलं, थांब, खरा खर्च अजून लिहायचाच आहे.

दुसरी पायरी: पदवीनंतरच्या वर्षांची किंमत लिहा

भूगोलाची पदवी महाग नाही. महाग पडतात ती तिच्यानंतरची, कशासाठी चाललीत हे न ठरवता गेलेली वर्षं. माझ्या या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता हे आकडे मांडा. ते माझे गृहीत आकडे आहेत, तुमच्या ओळखीच्या मुलांना विचारून बदला. समजा, पदवी झाली आणि मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात सदाशिव पेठेत राहायला गेला. कॉट बेसिसवर जागा ३,५०० रुपये, मेस ३,५००, अभ्यासिका १,२००, बाकी चहा-नाश्ता, मोबाइल, परीक्षांचे अर्ज आणि गावी येणं-जाणं १,८००. महिन्याचे १० हजार. वर्षाचे १ लाख २० हजार, तीन वर्षांचे ३ लाख ६० हजार. क्लासचे ६० हजार धरले तर ४ लाख २० हजार.

इथं बहुतेक घरं हिशेब थांबवतात. पण त्या तीन वर्षांत मुलगा कुठंतरी १२ हजार महिन्यावर काम करू शकला असता. ते ४ लाख ३२ हजारही मांडा. एकूण ८ लाख ५२ हजार. पदवी ४५ हजारांची आणि तिच्या पुढची वाट साडेआठ लाखांची! हे पाहून स्पर्धा परीक्षा देऊ नये असं मी म्हणत नाही. पण फीवर घासाघीस करणाऱ्या घरानं या दुसऱ्या आकड्यावरही तितकाच वेळ बसून बोलायला हवं.

तिसरी पायरी: कोणत्या दारावर ही पदवी चालते ते तपासा

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या. भूगोलाच्या मुलांची सर्वांत मोठी फसगत होते ती नावाच्या सारखेपणामुळं. भूगोल, भूगर्भशास्त्र, भूमापन, भूमी अभिलेख. सगळ्यांत 'भू' आहे म्हणून सगळीकडं आपण चालू, असं वाटतं. तसं नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या भूवैज्ञानिक पदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो तिला भूगर्भशास्त्र किंवा त्याच्या जवळचे विषय लागतात. भूगोल चालत नाही. भूमी अभिलेख विभागातल्या भूकरमापक पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेक्षक अभ्यासक्रम आणि टंकलेखन मागितलेलं आहे. म्हणजे ज्याचं रोजचं काम नकाशा आणि मोजणी, त्या पदाला भूगोलाचा पदवीधर निव्वळ पदवीच्या बळावर अर्ज करू शकत नाही. सहायक नगर रचनाकार पदाचंही तेच: स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नियोजन अशी पार्श्वभूमी लागते. भारतीय वन सेवेच्या पात्र विषयांच्या यादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र, गणित, सांख्यिकी, भूगर्भशास्त्र, कृषी, अभियांत्रिकी आहेत, भूगोल नाही. हवामान खात्यातल्या वैज्ञानिक सहायक पदासाठीही भौतिकशास्त्र किंवा संगणक-इलेक्ट्रॉनिक्सची बाजू मागितली गेली आहे. ढग, पाऊस, मोसमी वारे आपण तीन वर्षं शिकतो, तरीही.

हे वाचून निराश होऊ नका. हे बारावीनंतर कळलं तर त्यावर उपाय आहे, एम.ए.नंतर कळलं तर फार थोडा. उदाहरणार्थ, मोजणीचीच आवड असेल तर आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम हा स्वस्त आणि थेट रस्ता आहे आणि त्याची भूगोलाच्या पदवीशी तुलना करूनच निर्णय घ्यायला हवा. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांनी बी.एस्सी. मिळत असेल तर बी.ए.पेक्षा ती घ्यावी, असं माझं मत आहे. विषय तोच राहतो, पण 'विज्ञान पदवीधर' एवढीच अट असलेली दारं उघडी राहतात.

आता चालणारी दारं. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' अशी अट असलेली सगळी पदं: राज्यसेवा, नागरी सेवा, बँका, ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचा तलाठी. इथं भूगोलाचा हक्क इतरांइतकाच, जास्त नाही. शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक. सेट किंवा नेट, म्हणजे देशपातळीवरची तशीच परीक्षा, झाल्यावर सहायक प्राध्यापक. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत, जी १९५६ पासून चालू आहे, लोकसंख्याशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण. भूगोलात पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना अनेक ठिकाणी नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही प्रवेश मिळतो. आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळणं, व सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रह प्रतिमांवरून अभ्यास, यांचं क्षेत्र.

एक सवय लावून घ्या. जे पद डोळ्यांसमोर आहे त्याची शेवटची जाहिरात शोधा, 'शैक्षणिक अर्हता' हा परिच्छेद शब्दशः वहीत उतरवा आणि त्यातल्या 'किंवा', 'आणि' या शब्दांखाली रेघ मारा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. अर्हता जाहिरातीगणिक बदलते.

चौथी पायरी: वाट निवडा आणि तिचं वेळापत्रक मांडा

शिक्षक व्हायचं असेल तर वय मोजा. अठराव्या वर्षी बारावी, एकविसाव्या वर्षी पदवी, सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचं बी.एड., तेविसावं वर्ष. सहावी ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हवी. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही, म्हणजे पंचविसावं वर्ष. मग टीएआयटी, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, आणि भरती जिथून होते ते पवित्र पोर्टल. पहिली टीएआयटी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, तिच्यानंतरची थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, आणि पुढची २०२५ मध्ये. मधली पाच वर्षं ज्यांची बी.एड. होऊन तयारी होती, त्यांनी काय केलं असेल? निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झालं. त्याआधी ते ६, ८ आणि ९ हजार होतं. त्यानंतर पूर्ण वेतनश्रेणी. शिकवायची मनापासून आवड असेल तर ही वाट सोन्यासारखी आहे, पण मधल्या काळासाठी दुसरं उत्पन्न हाताशी ठेवूनच तिच्यावर पाऊल टाका.

प्राध्यापकीची वाट मी स्वतः चाललो आहे. कायम पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणं ५७,७०० रुपये, म्हणून ती सगळ्यांना दिसते. दिसत नाही ते सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व. जितके तास घ्याल तितक्यांचे पैसे. सुट्टी, परीक्षा, उन्हाळा यांचे नाहीत. जिथं मी शिकवत होतो तिथं मानधन कधी चार-चार महिन्यांनी एकदम यायचं. दिवाळीला खिशात काही नसायचं आणि मार्चमध्ये एकरकमी पैसे यायचे. चौथ्या वर्षी मी थांबलो. म्हणून सांगतो: एम.ए. करताना नेट-सेट त्याच दोन वर्षांत सुटली नाही तर पुढच्या एका वर्षाची मर्यादा घाला. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर चित्र बदलतं, ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्याही आहेत. शिष्यवृत्तीशिवाय, घरच्या पैशावर पीएच.डी. सुरू करणं मला परवडणारं वाटत नाही.

स्पर्धा परीक्षेचं थोडक्यात. केंद्रीय नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेत भूगोल वैकल्पिक घेतला तर २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका, म्हणजे ५०० गुण. शिवाय पूर्व परीक्षेत आणि मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनातही भूगोल येतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक, १,७५० गुणांची झाली आणि तिच्यातही वैकल्पिक विषय आला. पदवीचा अभ्यास इथं दोनदा कामी येतो, हा भूगोलाचा खरा फायदा. पण जागांकडंही बघा: २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. या वाटेवर जाणाऱ्यानं किती प्रयत्न करणार, ते पहिला अर्ज भरतानाच लिहून ठेवावं.

राहिली जीआयएसची वाट. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे पूर्वपरवानगीचे बरेच निर्बंध उठवले, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी झाली. पीक विमा, मालमत्ता कराची सर्वेक्षणं, पाइपलाइन आणि केबलची जाळी, पाणलोट, पूररेषा, सगळीकडं नकाशावर काम करणारी माणसं लागतात. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, पुण्यातली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टसारखी संस्था आहे, खासगी कंपन्या तर कित्येक. मात्र पहिली नोकरी कशी असते तेही ऐका. उपग्रह प्रतिमेवर घरं, रस्ते, शेतांच्या कडा दिवसभर माउसनं गिरवायच्या. दिवसाला ठरावीक संख्या. करार वर्षाचा, कधी रात्रपाळी, पगार बेताचा. हे काम वर्ष-दीड वर्ष करावं, हात बसतो, नजर तयार होते. तिथून पुढं सरकतात ती मुलं ज्यांना गिरवण्यापलीकडचं येतं: डेटाबेस, थोडं पायथन प्रोग्रॅमिंग, प्रतिमांचं विश्लेषण. ज्यांना येत नाही ती पाच वर्षांनीही तिथंच गिरवत बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांची हुशारी कमी नव्हती, कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं एवढंच.

पगाराचा अंदाज घ्यायचा साधा मार्ग: नोकरीच्या संकेतस्थळांवर 'जीआयएस' शोधून पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबादच्या वीस जाहिराती वाचा. अनुभव शून्य ते एक वर्षाच्या वेगळ्या काढा. प्रत्येकीत मागितलेली कौशल्यं एका कागदावर उतरवा आणि कुठलं किती वेळा आलं ते मोजा. हा कागद तीन वर्षं टेबलासमोर चिकटवून ठेवा.

पाचवी पायरी: महाविद्यालय डोळ्यांनी पाहा

प्रवेशाआधी भूगोल विभागात जाऊन या. फलकावरच्या श्रेणीपेक्षा मी चार गोष्टी बघेन. विभागात कायम शिक्षक किती आणि किती तासिकेवर? प्रयोगशाळेतले संगणक चालू आहेत का आणि त्यांवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आहे का? टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे), जीपीएस, त्रिमितीदर्शक आणि मोजणीचं प्लेन टेबल कपाटात कुलूपबंद आहेत की हाताळून मळलेली? मळलेली असतील तर चांगलं लक्षण. आणि अभ्यास सहलीत मुलं खरंच काही मोजतात, लोकांशी बोलतात, की नुसतं पर्यटन होतं? शेवटचा प्रश्न शिक्षकांना विचारू नका. तृतीय वर्षाच्या मुलामुलींना कँटीनमध्ये गाठा आणि त्यांचं प्रात्यक्षिकाचं जर्नल दाखवायला सांगा. सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकच टोपोशीट, एकच उत्तर असेल तर काय ते समजून जा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयासोबत गौण विषय घ्यावा लागतो. कोणते गौण विषय मिळतात ते कार्यालयात विचारा. संगणकशास्त्र किंवा सांख्यिकी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. नसेल तर अर्थशास्त्र. सोपा म्हणून मित्रांनी घेतलेला विषय घेऊ नका. ओजेटीसाठी, म्हणजे कामाच्या जागेवरच्या प्रशिक्षणासाठी, महाविद्यालय मुलांना कुठं पाठवतं, हेही विचारा. नगरपालिका, पाटबंधारे खातं, एखादी सर्वेक्षण कंपनी, की नुसताच कागदावरचा शिक्का? आणि चौथं वर्ष, ऑनर्सचं, भूगोलात तिथं आहे का? चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट नेट देता येते आणि पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं होतं.

सहावी पायरी: पदवीच्या तीन वर्षांत हाताला काम लावा

यासाठी पैसे लागत नाहीत. क्यूजीआयएस मोफत आहे. सेंटिनल-२ उपग्रहांच्या दहा मीटरच्या प्रतिमा मोफत आहेत, लँडसॅट उपग्रहांच्या २००८ पासून मोफत आहेत, इस्रोचं भुवन हे नकाशांचं पोर्टल आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क चालवते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून १:५०,००० च्या टोपोशीट उतरवून घेता येतात. हे सगळं असताना एखाद्या खासगी संस्थेला 'जीआयएस सर्टिफिकेट'चे तीस-चाळीस हजार देण्याची घाई करू नका. मी दिले होते. प्रमाणपत्र आजही फायलीत आहे, मुलाखतीत ते एकदाही कुणी उघडून पाहिलं नाही. माझ्या गावच्या ओढ्याचा नकाशा मात्र पाहिला.

तो नकाशा कसा करायचा ते सांगतो, कारण एवढं एक काम नीट केलं तर निम्मा अभ्यासक्रम त्यात येतो. तुमच्या गावचा ओढा घ्या. एसआरटीएम नावाचं जमिनीच्या उंचीचं तीस मीटरचं मोफत मॉडेल उतरवा, क्यूजीआयएसमध्ये उघडा. त्यातले खोटे खड्डे भरून काढायचे, पाणी कोणत्या दिशेनं वाहील ते काढायचं, मग कुठं किती पाणी जमा होतं त्याचा थर. ओढा जिथं नदीला मिळतो तिथं बिंदू ठेवला की त्याची पाणलोट सीमा आपोआप उभी राहते. तिच्यावर गावाची शीव ठेवा. दोन्ही जुळत नाहीत! वरचं पाणी दुसऱ्या गावच्या माळावरून येतं हे नकाशात पहिल्यांदा दिसतं, आणि ग्रामसभेत वर्षानुवर्षं चाललेल्या भांडणाचं कारणही दिसतं.

आता खरं काम. नकाशा मोबाइलमध्ये घ्या आणि ओढ्याच्या कडेनं चालत जा. संगणकानं काढलेली रेघ आणि खरा ओढा यांत तीस-साठ मीटरचं अंतर पडलेलं असेल, कारण मॉडेलचा एक चौकोनच तीस मीटरचा आहे. ते जागेवर दुरुस्त करा. प्रत्येक सिमेंट नाला बांध, शेततळं, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा यांचे बिंदू घ्या, फोटो घ्या, गाळ किती साचलाय ते लिहा. शेजारच्या शेतातल्या आजोबांना विचारा, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं. मग ऑक्टोबर आणि एप्रिलच्या सेंटिनल प्रतिमा शेजारी ठेवून हिरवळ कुठं टिकली ते बघा. चार पानांचा मराठी अहवाल आणि एक नकाशा, दोन पानांचा इंग्रजी गोषवारा. एवढं हातात असलेला तृतीय वर्षाचा विद्यार्थी मुलाखतीत तोंड उघडून बोलू शकतो, कारण त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं पायानं चालून आणलेलं असतं.

दुसऱ्या वर्षी असाच एक नकाशा शहराचा करा, तिसऱ्या वर्षी त्यातली एखादी पायरी पायथननं आपोआप करून दाखवा. इंग्रजीत ईमेल लिहिणं आणि एक्सेल याच काळात पक्कं करा. ड्रोनची आवड असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्राला दहावी उत्तीर्ण आणि वय १८ पूर्ण एवढंच लागतं. पण प्रशिक्षणाची फी मोठी असते, म्हणून जवळपास काम देणारं कुणी आहे याची खात्री झाल्यावरच पैसे भरा.

सातवी पायरी: पदव्युत्तर शिक्षण आणि कर्ज

सरकारी विद्यापीठाच्या भूगोल विभागात एम.ए. किंवा एम.एस्सी. असेल तर खर्च आवाक्यात राहतो. सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठातही जाता येतं. तिथली फी पाहून ताईला विश्वासच बसेना, इतकी कमी. आपली मुलं हा अर्ज भरतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तांत्रिक बाजूला जायचं तर २०२२ पासून गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत, जिओमॅटिक्स (मोजणी आणि नकाशे) अभियांत्रिकीची प्रश्नपत्रिका आहे. कोणत्या संस्थेत भूगोलवाल्याला एम.टेक.ला प्रवेश आहे ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा.

खासगी संस्थेतली जिओइन्फॉर्मेटिक्सची एम.एस्सी. लाखांत जाते. ती वाईट नाही, काही ठिकाणांहून नोकऱ्या चांगल्या लागतात. पण आधी हिशेब. ४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं मुदत: महिन्याचा हप्ता साधारण ८,५०० रुपये. शिकत असतानाचं व्याज वेगळं. माझा नियम असा की हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यावर जाऊ नये. म्हणजे पहिला पगार ३४ हजार हातात यायला हवा. संस्थेला विचारा: गेल्या वर्षी किती मुलं उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली आणि सर्वाधिक नव्हे, मधला पगार किती? सगळ्यांना पगाराच्या क्रमानं रांगेत उभं केलं तर मधोमध उभा असलेल्या विद्यार्थ्याचा. सर्वाधिक पगाराचा एकच फोटो दाखवून बाकी गप्प बसत असतील तर कर्ज काढू नका.

आठवी पायरी: थांबायची तारीख लिहा

फुलस्केपच्या खालच्या भागात भाचीनं तीन ओळी लिहिल्या. पहिली: तालुक्याचं अनुदानित महाविद्यालय, बी.एस्सी. भूगोल, गौण विषय सांख्यिकी. दुसरी: दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत ओढ्याचा नकाशा पूर्ण, नाही झाला तर जीआयएसची वाट सोडून शिक्षकाची. तिसरी ओळ ताईनं लिहायला लावली: पदवीनंतर परीक्षेची दोन वर्षं, त्यातलं एक घरी राहून, आणि दोन्ही वर्षं अर्धवेळ काम.

तारखा खोडता येतात, हरकत नाही. पण खोडताना घरातल्या दोघांनी तरी एकत्र बसून खोडायच्या आणि नवीन तारीख शेजारी लिहायची, असं ठरलं. तो कागद ताईनं गॅस सिलिंडरच्या पुस्तकात घडी घालून ठेवलाय. सोमवारी तिघंही महाविद्यालयात जाणार आहोत, विभागातलं कपाट उघडून बघायला.